कुंडीतल्या वाटाण्यावर सिनेमा काढला आणि भांडवल उभं राहिलं, दादासाहेब फाळकेंची ही गोष्ट माहितीये का?

सकाळच्या डोंबिवली फास्टमध्ये दाराला लटकून जाणाऱ्या माणसाच्या मोबाईलवरही आज एखादं बी रुजताना दिसू शकतं. माती हलते, कोंब डोकं वर काढतो, पानं उलगडतात, वेल आधार शोधत हवेत गोल फिरते. महिनाभराची वाढ अर्ध्या मिनिटात, तीही इतकी स्पष्ट की पानावरची लव मोजावी. घाटकोपर येईपर्यंत असे चार व्हिडिओ बघून होतात आणि पाचवा आपोआप सुरू होतो.

अशा व्हिडिओला टाइमलॅप्स म्हणतात, हे आता शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. पण शंभरहून अधिक वर्षांपूर्वी दादरमधल्या एका माणसाने हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यावर नेमका हाच प्रयोग केला होता. वाटाण्याच्या रोपाच्या त्या मिनिटभराच्या फिल्मवर त्याला कर्ज मिळालं आणि त्या कर्जातून भारताचा पहिला पूर्ण लांबीचा कथापट तयार झाला.

तो माणूस म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके, अर्थात दादासाहेब फाळके.

'राजा हरिश्चंद्र' सगळ्यांना माहीत असतो. त्याच्या आधीच्या वाटाण्याची गोष्ट मात्र एका ओळीत उरकली जाते. खरं तर फाळके कोण होते, हे त्या वाटाण्यातच जास्त कळतं.

शास्त्र्यांचा मुलगा, पण हात यंत्रात

फाळकेंचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचा. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. मुलाने शास्त्री व्हावं असं घरचं वातावरण, पण पोराचा जीव चित्रांत, मातीच्या मूर्तींत आणि जादूच्या खेळांत. वडिलांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात संस्कृत शिकवायची नोकरी लागली, कुटुंब मुंबईला आलं आणि १८८५ मध्ये धुंडिराज जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

पुढे थोरल्या भावाबरोबर ते बडोद्याला गेले आणि तिथल्या कलाभवनात शिकले. प्राध्यापक गज्जर यांनी या मुलाची चिकाटी ओळखली आणि त्याला फोटोग्राफीची प्रयोगशाळा वापरू दिली. रसायनं कशी मिसळायची, काच कशी धुवायची, एका चित्राच्या हजार प्रती कशा काढायच्या, हे सगळं ते तिथे शिकले. रतलामला जाऊन त्यांनी तीन रंगांचे ब्लॉक बनवण्याचं तंत्रही उचललं.

मग गोध्र्याला फोटो स्टुडिओ टाकला. प्लेगच्या साथीत पहिली पत्नी आणि मूल गेलं. स्टुडिओ बंद पडला. पुन्हा बडोद्यात धंदा सुरू केला, तर कॅमेरा माणसाच्या अंगातली ताकद शोषून घेतो अशी अफवा पसरली आणि गिऱ्हाईक फिरकेना. पोटासाठी नाटकांचे पडदे रंगवले. एका परदेशी जादूगाराकडून हातचलाखी शिकले आणि फाळके हे नाव उलटं करून 'प्रोफेसर केळफा' या नावाने जादूचे प्रयोगही केले.

१९०२ मध्ये दुसरं लग्न झालं. गिरिजा करंदीकर सासरी येऊन सरस्वतीबाई झाल्या. या नावाशिवाय पुढची गोष्ट पूर्ण होत नाही.

१९०३ मध्ये फाळकेंना पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समनची नोकरी मिळाली. सरकारी नोकरी, बांधलेला पगार. पण तीनेक वर्षांत स्वदेशीचं वारं सुटलं आणि त्यांनी राजीनामा दिला. लोणावळ्याला छापखाना काढला, राजा रवि वर्मा यांच्या प्रेसची कामं केली. पुढे छापखाना दादरला आला आणि त्याचं नाव लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स झालं. रंगीत छपाईची यंत्रं आणायला १९०९ मध्ये ते जर्मनीलाही जाऊन आले. छपाईत नाव झालं, पण भागीदारांशी पटेना. शेवटी तेही सोडलं.

वय चाळीस. हातात कला भरपूर, उत्पन्न शून्य.

तंबूतल्या सिनेमाने डोळे उघडले, आणि जवळजवळ मिटलेही

१९१०-११ च्या सुमारास फाळकेंनी मुंबईत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. लोक ख्रिस्त बघत होते, फाळकेंच्या डोळ्यांसमोर राम आणि कृष्ण उभे राहत होते. आपले देव, आपल्या कथा पडद्यावर कधी दिसणार, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात घट्ट बसला.

हलती चित्रं मुंबईला नवी नव्हती. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या फिल्म दाखवल्या गेल्या होत्या. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादांनी १८९९ मध्येच कुस्तीचं चित्रीकरण केलं होतं. पण संपूर्ण कथा सांगणारा सिनेमा इथे बनवायचा म्हणजे यंत्र, कच्ची फिल्म, रसायनं, नट, पैसा सगळंच शून्यातून उभं करायचं होतं.

फाळकेंनी मिळेल तो सिनेमा बघायला सुरुवात केली. रात्री सिनेमा, दिवसा प्रयोग. घरातल्या वस्तू विकून तिकिटं काढली जात होती. झोप तीन-चार तासांवर आली. याचा परिणाम जिथे व्हायचा तिथेच झाला. डोळे गेले. काही काळ त्यांना दिसेनासं झालं.

ज्या माणसाचा सगळा धंदा डोळ्यांवर चालायचा, त्याच्यासाठी ही किती मोठी किंमत होती, हे वेगळं सांगायला नको. डॉक्टरांच्या उपचारांनी आणि एकावर एक तीन-चार चष्म्यांच्या मदतीने दृष्टी परत आली. शहाण्या माणसाने तिथेच थांबायला हवं होतं. फाळकेंनी विम्याच्या पॉलिसीवर पैसे उचलले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी लंडनची बोट पकडली.

लंडनमध्ये ओळख कुणाचीच नव्हती. 'बायोस्कोप' साप्ताहिकाची पाटी दिसली आणि ते थेट संपादकांच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले. संपादकांनी आधी धोक्याची जाणीव करून दिली. इंग्लंडमध्येच या धंद्यात कितीतरी जण बुडाले होते, आणि भारतातलं हवामान या कामाला मानवेल का, ही शंकाही होती. पण या माणसाची तयारी पाहून त्यांनी निर्माता सेसिल हेपवर्थ यांच्याशी गाठ घालून दिली. हेपवर्थ यांनी आपला स्टुडिओ मोकळेपणाने दाखवला.

दोन महिन्यांत फाळके परतले. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, फिल्मला भोकं पाडायचं यंत्र आणि कोडॅकची कच्ची फिल्म अशी मागणी ते नोंदवून आले होते. सामान येताच त्यांनी नकाशे बघत स्वतःच यंत्रं जोडली. घरातल्या आणि शेजारच्या मुलांवर कॅमेरा फिरवून पाहिला. चित्र हलत होतं.

आता पैसा हवा होता. आणि पैसेवाल्यांना विश्वास हवा होता.

वाटाणाच का निवडला?

पोरं धावताना दाखवली असती, तर कुणी चकित झालं नसतं. तसलं सगळं विलायती फिल्ममध्ये रोज दिसत होतं. या यंत्रातून काय जादू करता येते, हे दाखवायला फाळकेंना अशी गोष्ट हवी होती जी माणसाच्या डोळ्यांना कधीच दिसत नाही.

त्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि समोर कॅमेरा ठेवला. ठरावीक वेळाने एकेक चित्र घ्यायचं, बस. महिन्याहून अधिक काळ हा प्रयोग चालला. फिल्म धुऊन पडद्यावर सोडली, तेव्हा मिनिटभरात दाण्याचा कोंब झाला, कोंबाचं रोप झालं. या फिल्मचं नाव 'अंकुराची वाढ'.

यामागची युक्ती सोपी आहे. त्या काळी फिल्म साधारण सेकंदाला १६ चित्रं या वेगाने फिरायची. कॅमेऱ्याचा दांडा सेकंदाला दोन फेऱ्या फिरवायचा, एका फेरीत ८ चित्रं उमटायची. घेतानाही १६ आणि दाखवतानाही १६, म्हणजे हालचाल खऱ्या वेगाने दिसणार. पण घेताना तासाला एक चित्र घेतलं आणि दाखवताना सेकंदाला १६ दाखवली, तर १६ तास एका सेकंदात मावतात. वेळच आवळला जातो.

आता थोडा हिशोब. फाळकेंच्या गोष्टीत ते रोज एक चित्र घ्यायचे, असं हमखास सांगितलं जातं. पण महिनाभर रोज एक म्हणजे झाली ३० चित्रं. सेकंदाला १६ च्या वेगाने ती दोन सेकंदांतच संपतील. फिल्म मिनिटभराची होती असं धरलं, तर सुमारे ९६० चित्रं लागतात. महिन्याच्या हिशोबाने दिवसाला ३२, म्हणजे रात्र-दिवस धरून दर ४५ मिनिटांनी एक. फक्त दिवसाच्या उजेडात काम केलं असेल, तर साधारण दर वीस-बावीस मिनिटांनी. रोज एक चित्र ही सांगोवांगी सोपी झालेली गोष्ट दिसते. प्रत्यक्षात त्या कुंडीपाशी कुणाला तरी दिवसभर राबावं लागलं असणार.

आणि वाटाणा निवडण्यात अजून एक गंमत आहे. वाटाण्याच्या वेलीला बारीक तणावे फुटतात. आधार शोधण्यासाठी ते हवेत सावकाश घिरट्या घालतात आणि एक घिरटी तास-दोन तासांत पूर्ण होते. चार्ल्स डार्विनने या हालचालींवर वर्षानुवर्षं काम केलं होतं. आता दिवसातून एकच चित्र घेतलं, तर रोप उंच झालेलं दिसेल, पण या घिरट्या कधीच पकडता येणार नाहीत. म्हणजे चित्र किती स्पष्ट आहे यापेक्षा ते किती वेळाने घेतलंय, यावर काय दिसणार हे ठरतं. विज्ञानासाठी व्हिडिओ काढणारे आजही आधी हाच प्रश्न सोडवतात.

जगात हे प्रयोग तेव्हा ताजे होते. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म फेफर यांनी विसाव्या शतकाच्या तोंडावर झाडांच्या हालचाली अशाच टिपल्या होत्या. पर्सी स्मिथ यांची फुलं उमलताना दाखवणारी फिल्म १९१० मध्ये इंग्लंडमध्ये आली होती. लंडनहून परतलेला दादरचा एक छपाईवाला त्याच रांगेत जाऊन उभा राहिला, तेही कुठलीही प्रयोगशाळा किंवा विद्यापीठ पाठीशी नसताना.

निवडक लोकांना ही फिल्म दाखवली गेली. यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे यांनी ती पाहिली आणि पैसे द्यायची तयारी दाखवली. वाटाणा पास झाला होता.

पावणेपाच लाख भोकं

कर्ज मिळालं तरी ते पुरणार नव्हतं. सरस्वतीबाईंनी आपले दागिने काढून दिले. आणि त्यांचं काम तिथे संपलं नाही.

त्या काळी कच्ची फिल्म बिनभोकांची यायची. कॅमेऱ्याच्या आणि प्रोजेक्टरच्या दात्यांत फिल्म अडकावी म्हणून दोन्ही कडांना भोकं पाडावी लागत, तीही अंधारात, नाहीतर फिल्म वाया. ३५ मिलिमीटरच्या फिल्ममध्ये एका चित्रामागे प्रत्येक कडेला ४ भोकं येतात. फुटामागे १६ चित्रं. 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी ३,७०० फूट होती. गुणाकार केला तर चित्रं होतात ५९,२०० आणि भोकं सुमारे ४ लाख ७४ हजार. हा हिशोब फक्त एका प्रतीचा. निगेटिव्ह वेगळी, वाया गेलेली फिल्म वेगळी.

यंत्र एका फटक्यात अनेक भोकं पाडायचं हे खरं, पण अंधाऱ्या खोलीत बसून ते चालवायच्या सरस्वतीबाई. रसायनं कालवणं, फिल्म धुणं हेही त्याच बघायच्या आणि दिवसभर सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही. साठ-सत्तर माणसांचं जेवण त्यांच्या चुलीवर व्हायचं. भारतीय सिनेमाची पहिली तंत्रज्ञ कोण, या प्रश्नाचं उत्तर द्यायचं झालं, तर त्यांचंच नाव घ्यावं लागेल.

तारामतीची भूमिका करायला एकही बाई तयार नव्हती. शेवटी एका हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंके नावाच्या तरुणाला साडी नेसवली गेली. हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दाबके आणि रोहिदास झाला फाळकेंचा मुलगा भालचंद्र.

वांगणीत दरोडेखोर

दादरच्या बंगल्यात सेट होता, पण जंगल आणि गाव कुठून आणायचं? त्यासाठी मंडळी वांगणीला गेली. हो, तेच वांगणी. कल्याणहून कर्जत लोकल पकडली की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर आणि त्यानंतरचं स्टेशन.

आज त्या मार्गावर पाय ठेवायला जागा नसते. १९१२ मध्ये वांगणी हे एक लहानसं गाव होतं. तिथे एके दिवशी तलवारी, ढाली, भाले घेतलेली, रंगीबेरंगी कपड्यांतली माणसं उतरली. गावकऱ्यांना वाटलं, दरोडा पडला. पाटलाला खबर गेली, तिथून पोलिसांना. फौजदाराने येऊन सगळ्यांना ताब्यात घेतलं. आपण सिनेमा काढतोय हे मंडळी जीव तोडून सांगत होती, पण सिनेमा म्हणजे काय हेच तिथे कुणाला माहीत नव्हतं.

फाळके मागाहून पोहोचले. त्यांनी फौजदाराला कॅमेरा दाखवला, नटांना उभं केलं आणि एक प्रसंग करून दाखवला. कॅमेरा फिरवला, पण आत फिल्म घातलीच नाही. एकेक फूट मोलाचा होता. फौजदाराची खात्री पटली आणि मंडळी सुटली.

याच चित्रीकरणात भालचंद्र खेळताना दगडावर पडला आणि डोक्याला लागून बेशुद्ध झाला, असं सांगितलं जातं. रोहिदासाच्या मृत्यूचा प्रसंग घ्यायचा राहिला होता. फाळकेंनी तो तशाच अवस्थेत चित्रित केला. हे वाचून आज राग येऊ शकतो आणि तो चुकीचाही नाही. डोळे, दागिने, विमा आणि शेवटी मुलगा, या माणसाने काहीच हातचं राखलं नव्हतं.

सहा महिने आणि सत्तावीस दिवसांत सिनेमा तयार झाला. २१ एप्रिल १९१३ रोजी ग्रँट रोडच्या ऑलिंपिया थिएटरात निवडक लोकांसाठी खेळ झाला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमात तो सर्वांसाठी लागला. पुढचं सगळ्यांना माहीतच आहे.

डब्यातून धावणारं नेटवर्क

सिनेमा बनवणं हा अर्धा भाग. तो लोकांपर्यंत नेणं हा उरलेला अर्धा.

आज व्हिडिओ केबलमधून येतो. फाळकेंच्या काळी तो पत्र्याच्या डब्यातून यायचा. रेल्वे, बैलगाडी आणि हमाल हेच त्याचं नेटवर्क. फाळकेंच्या आयुष्यातली गावं नकाशावर पाहिली, तर एक गोष्ट लक्षात येते. छपाईचं लोणावळा आणि चित्रीकरणाचं वांगणी कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या फाट्यावर. १९१३ नंतर त्यांनी कंपनी हलवली ते नाशिक कसाऱ्याकडे जाणाऱ्या फाट्यावर. १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली, वर्षभरात रूळ कल्याणला पोहोचले आणि तिथून दोन वाटा फुटल्या. मुंबई आणि नाशिक यांच्या मधला रेल्वेचा रस्ता हा ठाणे-कल्याणमधूनच जातो.

हे नेटवर्क धोक्याचं होतं. तेव्हाची फिल्म नायट्रेटची असायची. ती उष्णतेने भडकन पेटते आणि एकदा पेटली की विझत नाही. 'राजा हरिश्चंद्र'ची प्रत एका थिएटरातून दुसऱ्या थिएटरात बैलगाडीने नेताना उन्हाने पेटली, असं सांगतात. १९१७ मध्ये फाळकेंनी हा सिनेमा पुन्हा बनवला. आज पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात त्याचे जे भाग आहेत, ते या दुसऱ्या आवृत्तीचे असल्याचं अभ्यासक मानतात.

डब्यातून चित्रं पाठवण्याची पद्धत पूर्ण संपली असं वाटत असेल, तर एक उदाहरण बघा. कृष्णविवराचं पहिलं चित्र २०१९ मध्ये जगाने पाहिलं. त्यासाठी २०१७ मध्ये जगभरातल्या दुर्बिणींनी एकत्र निरीक्षणं घेतली होती. माहिती इतकी प्रचंड होती की ती इंटरनेटवरून पाठवणं परवडणारं नव्हतं. हार्ड डिस्क पेट्यांत भरून विमानाने नेल्या गेल्या. दक्षिण ध्रुवावरच्या डिस्कना तर तिथला हिवाळा संपेपर्यंत थांबावं लागलं.

कारण साधं आहे. ८के व्हिडिओच्या एका चित्रात सुमारे ३ कोटी ३२ लाख ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला ३० बिट आणि सेकंदाला ६० चित्रं धरली, तर दर सेकंदाला जवळपास ६० गिगाबिट माहिती तयार होते. घरातलं १०० मेगाबिटचं कनेक्शन याच्या सहाशेपट लहान पडतं. मग मोबाईलवर एवढा स्पष्ट व्हिडिओ चालतो कसा? तर पाठवण्याआधी त्याची चाळणी होते. पूर्ण चित्र अधूनमधून एकदाच पाठवतात, बाकी वेळी फक्त आधीच्या चित्रापेक्षा काय बदललं तेवढंच. कुंडी तीच, मागची भिंत तीच, मग ती पुन्हा कशाला पाठवायची? फक्त हललेलं पान पाठवायचं.

करमणुकीसाठी हे झकास चालतं. विज्ञानासाठी मात्र इथेच घोळ होतो. चाळणीत जे बारीकसारीक म्हणून गळतं, तेच कधीकधी शास्त्रज्ञाला हवं असतं. तणाव्याचं टोक केसभर हललं, पेशीची कड किंचित सरकली, ताऱ्याचा उजेड थोडासा लवला. म्हणून संशोधन संस्थांना न चाळलेला किंवा अगदी कमी चाळलेला व्हिडिओ लागतो आणि तो वाहून न्यायला वेगळी वेगवान जाळी उभारावी लागतात. भारतात नॅशनल नॉलेज नेटवर्क हे असंच विद्यापीठं आणि संशोधन संस्थांना जोडणारं जाळं आहे.

शिकवणारा सिनेमा त्यांनी सोडला नाही

पौराणिक सिनेमांच्या यशानंतर फाळके वाटाण्याला विसरले असते तरी कुणी काही म्हटलं नसतं. पण ते लहान माहितीपट काढत राहिले. 'आगकाड्यांची मौज' मध्ये एकेक चित्र घेत त्यांनी आगपेटीतल्या काड्या नाचवल्या. युक्ती तीच, वाटाण्याचीच. फक्त इथे रोप आपोआप वाढत नव्हतं, काडी दर वेळी हाताने सरकवावी लागत होती. तळेगावच्या काच कारखान्यावर त्यांनी फिल्म केली. 'चित्रपट कसे तयार करतात' यात तर त्यांनी आपलंच गुपित उघड केलं. त्यात फाळके स्वतः काम करताना दिसतात आणि सुदैवाने त्याचा काही भाग आजही बघायला मिळतो.

'लंकादहन', 'श्रीकृष्ण जन्म', 'कालिया मर्दन' या सिनेमांनी पैसा आणि नाव दोन्ही दिलं. 'कालिया मर्दन'मधला बाळकृष्ण म्हणजे त्यांची मुलगी मंदाकिनी. १९१८ मध्ये भागीदारांबरोबर हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली. पण छपाईच्या धंद्यात झालं तेच इथेही झालं. भागीदारांना हिशोब हवा होता, फाळकेंना मनासारखं काम. ते कंपनी सोडून काशीला गेले, नाटक लिहिलं आणि काही वर्षांनी परत आले.

मग बोलपट आला. ज्या तंत्राच्या मागे लागून डोळे घालवायची वेळ आली होती, तेच तंत्र आता त्यांना मागे टाकून पुढे गेलं. १९३७ चा 'गंगावतरण' हा त्यांनी दिग्दर्शित केलेला एकमेव बोलपट. त्यानंतर ते नाशिकला राहिले. हातात फारसं काही उरलं नव्हतं. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्येच त्यांचं निधन झालं. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू व्हायला त्यानंतर पंचवीस वर्षं जावी लागली. १९६९ सालचा तो पहिला पुरस्कार देविकाराणी यांना मिळाला.

फाळकेंनी ९५ कथापट आणि २६ लघुपट केले, अशी गणती साधारणपणे दिली जाते. त्यातले बहुतेक आज नाहीत. काही जळले, काही सडले, काही हरवले. 'अंकुराची वाढ'ही आज बघायला मिळत नाही.

म्हणजे परिस्थिती अशी आहे की, जगभरातल्या झाडांचे हजारो टाइमलॅप्स आज एका बोटावर उपलब्ध आहेत, पण दादरच्या कुंडीतला तो वाटाणा मात्र सापडत नाही. ३५ मिलिमीटरच्या चांगल्या निगेटिव्हची स्पष्टता आजच्या ४के च्या आसपास मानली जाते. ती फिल्म कुणी नीट जपून ठेवली असती, तर स्कॅन करून तिचे बारकावे आजच्या पडद्यावरही उठून दिसले असते. वेगवान नेटवर्क पाठवण्याचं काम करतं, सांभाळून ठेवण्याचं काम माणसांनाच करावं लागतं.

तेव्हा कर्जत लोकलने जाताना बदलापूरनंतर वांगणी आलं, की खिडकीबाहेर एक नजर टाका. भारतीय सिनेमाची पहिली मंडळी इथेच दरोडेखोर म्हणून पकडली गेली होती, आणि त्यांना इथवर आणणारं भांडवल एका वाटाण्याने मिळवून दिलं होतं.